हौदाचा तळ

आमच्या मागच्या अंगणातला हौद मुळात हौद नव्हता. लोणखेड्याला घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्यांनी विटा भिजवण्यासाठी खणलेला तो खड्डा. घर उभं राहिलं, गवंडी गेले, आणि एके दिवशी शाळेतून परत आलो तर माझ्या बायकोने त्याच गवंड्यांपैकी एकाला बोलावून खड्ड्याला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तळ मात्र तिने मातीचाच ठेवला. पहिली दोन-तीन वर्षं त्यात कपडे धुवायचं पाणी साठवलं. मग आरोग्य खात्याचा माणूस डासांसाठी घरोघर गप्पी मासे देत फिरत होता, त्याने आमच्याही हौदात ओंजळभर सोडले. तिला ते इतके आवडले की पुढे नंदुरबारच्या एका दुकानातून ती केशरी मासे घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासे, आणि पिशवी मांडीवर धरून एसटीत बसलेली ती. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, तेव्हा कपाळाला हात लावला होता. "माळकऱ्याचं घर, नि मागल्या दारी मासा!"

आमच्याकडे अंडंसुद्धा घरात येत नाही. मासा म्हणजे काय खातो, किती खातो, कसा जगतो, कशाने मरतो, यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. बायको रोज सकाळी दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, भाकरीचा कुस्करा टाकायची आणि मासे वर यायचे. मी जवळच खुर्ची टाकून वाचत बसायचो. तिची चाहूल लागली की पाण्यात केशरी रेघा उठायच्या. माझी सावली पडली की त्या खाली जायच्या. याची मी कधी तक्रार केली नाही. एका घरात कुणीतरी माशांच्या ओळखीचं असावं आणि कुणीतरी पुस्तकांच्या, असं आमचं चाललं होतं.

मागच्या कार्तिकात ती गेली. तेरावं झाल्यावर मुलगा मला सुरतेला घेऊन गेला. आक्का, जी विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहते, ती नवापूरला आपल्या लेकीकडे गेली. घराला कुलूप लागलं. चैत्रात आम्ही दोघं परत आलो तेव्हा मी पिशवी ओसरीवर ठेवली आणि आधी मागचं दार उघडलं.

पाणी काळं झालं होतं. वर हिरवट साय, सायीवर बदामाची कुजलेली पानं, आणि वास असा की दार लावून घ्यावं. मासा एकही दिसत नव्हता. मी काठावर वाकून बराच वेळ उभा राहिलो. मागून आक्का आली.

"भाऊ, हाई पाणी शे का गटार?" पदर नाकाला लावून ती म्हणाली. "आते काय दखी ऱ्हायना त्यामा? मरी ग्यात बठ्ठा."

मुलाला फोनवर हे कळलं तेव्हा त्याने फार विचार केला नाही. घरात आता दोन म्हातारी माणसं, हौद उघडा, डास होणार, कुणाचा पाय घसरणार. तो म्हणाला, "पप्पा, आखाजीला मी येतोय. त्याच्या आधी बुजवून टाकू. मुरमाची ट्रॉली सांगितली आहे, ट्रॅक्टरवाला येऊन रिकामी करेल." आक्काला ते पटलं. मलाही विरोध करण्यासारखं काही सापडत नव्हतं. फक्त एवढंच म्हणालो की तळ पाहिल्याशिवाय त्यावर मुरूम पडू देणार नाही. एखादा जरी मासा आत जिवंत असेल तर त्याच्या अंगावर ट्रॉली रिकामी करायची का?

मुलाने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि काहीच नसलं तर?"

"तर बुजवा," मी म्हणालो.

ते म्हणताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, असं मला वाटतं. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तिचं म्हणून या घरात जे चालू होतं त्यातलं हे शेवटचं. साड्या वाटल्या गेल्या होत्या. तिचा चष्मा कपाटात होता, पण चष्मा काही चालू नसतो. हौदात एक मासा जरी फिरत असता तरी तिने सुरू केलेलं काहीतरी अजून सुरू आहे, असं म्हणता आलं असतं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर होती. चैत्र संपतानाचं ऊन आमच्याकडे सकाळी नऊलाच अंगावर येतं, म्हणून उजाडताच कामाला लागलो. आधी मोटर टाकून पाणी उपसायचं ठरवलं. मोटर थोडा वेळ चालली, घुरघुरली आणि थांबली. वर काढून पाहिलं तर जाळीला राखाडी, चिकट, खळीसारखं काहीतरी घट्ट बसलेलं. बोटाने काढलं, पुन्हा सोडली, पुन्हा बंद. शेवटी मोटर बाजूला ठेवली आणि मी धोतर खोचून बादलीने उपसायला लागलो. आक्काने पहिला अर्धा दिवस मला बोल लावले आणि नंतरचा अर्धा दिवस माझ्या हातातली बादली घेऊन लिंबाच्या आळ्यात ओतली. तिचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे. तिचा दम मात्र माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि ते ऐकवायची संधी ती सोडत नाही.

"शाळामा पोरेस्ले हात वर कराले सांगे ना? आते तू कर वर. धर बादली."

दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याखाली आलं आणि खालचा गाळ उघडा पडायला लागला. मी आत उतरलो. पाय पोटरीपर्यंत गेले. वरचा थर काळा होता, पानांचा. पानं कुजून त्यांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, इतक्या बारीक आणि इतक्या अखंड की मी एक तळहातावर घेऊन उन्हात धरली. पान असताना त्यात एवढं विणकाम असतं हे मी साठी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. घमेल्यात गोगलगायींचे रिकामे शंख येत होते. काठाच्या गिलाव्याला चतुराच्या अळीची कोरडी साल चिकटली होती, सहा पायांनी सिमेंट घट्ट धरून, पाठीवर एक सरळ चीर. आतला चतुर त्या चिरेतून बाहेर पडून कधीच उडून गेला होता. या घाणीतून कुणीतरी पंख घेऊन गेलं होतं, आणि आम्ही काठावर उभं राहून हौद मेला म्हणत होतो.

त्याखाली तो राखाडी थर लागला. मोटर त्यानेच अडवली होती. हाताएवढा जाड आणि सगळीकडे सारखा. मी मुठीत घेतला. तो गाळ नव्हता. त्यात तांदळाचे दाणे होते, फुगून मऊ झालेले, पण आकार सोडला नव्हता.

मी ते घमेलं घेऊन उभा असतानाच शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून डोकं वर काढलं. माझ्या बायकोची ही जिवाभावाची मैत्रीण. गाळ त्यांच्या पपईला हवा होता म्हणून त्या पाटी घेऊन आल्या होत्या. अलीकडे येऊन हौद पाहून त्या हळहळल्या आणि मग अभिमानाने म्हणाल्या, "सर, तुम्ही नव्हते तरी मी एक दिन बी चुकू दिन्हा नही. रोज एक भाकर टाकी, या भिंतवरतून."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. ती आते नही शे, पन तिन्हा मासास्ले उपाशी कसं ठेवानं?"

आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "उपाशी नही मरनात ते," ती म्हणाली. "खाई खाई मरनात!"

वहिनींचा चेहरा पडला. पण आक्काला पुढे बोलता येईना, कारण भाताचं तिलाही कळलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की घरची चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी आळीपाळीने जेवण आणतात. कुणी खिचडी-कढी, कुणी भाकरी-पिठलं, दारावर येणाऱ्यांसाठी भाताची मोठमोठी पातेली. त्या जेवणातलं उरलेलं परत घरी न्यायचं नसतं, आणि दुःखाच्या घरात रात्रभर शिळंही ठेवायचं नसतं. एरवी ते गाईला जातं. पण त्या तेरा दिवसांत पहिल्याच संध्याकाळी आक्का म्हणाली होती की भावजयीने रोज ज्यांना घास दिला त्यांनाच द्या. सगळ्यांना ते इतकं योग्य वाटलं की पुढे ती रीतच पडली. जो येई तो जेवण झाल्यावर मागे जाऊन एक मूठ हौदात टाकी. शहाद्याहून आलेल्यांनी टाकली, धुळ्याहून आलेल्यांनी टाकली. काही जण डोळे मिटून, हात जोडून टाकत. मी ओसरीवर बसून ते पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं.

म्हणजे पाण्याला मारलं ते त्या घासांनी. वहिनी रडायला लागल्या. आक्काने त्यांच्या हातातली पाटी खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आपू काय मासा खाणारी मान्सं शेत का वं? आपले काय माहीत त्यास्नं पोट कितलं व्हस ते."

मी पुन्हा आत उतरलो. मला अपराधी वाटायला हवं होतं कदाचित, पण वाटत होतं ते वेगळंच. या थरात गावातलं जवळजवळ प्रत्येक घर होतं. जी माणसं त्या दिवसांत माझ्याशी काय बोलावं हे न सुचून नुसती बसून उठून गेली होती, त्यांची मूठ इथे होती. मी ती घमेल्या-घमेल्याने वर देत होतो, आणि दोन बायका ती पपईच्या सऱ्यांमध्ये नेऊन ओतत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक कोपरा सोडून सगळा तळ मोकळा झाला. केशरी माशांचं नाव नव्हतं. एक बारीक पाठीचा काटा मिळाला, शिसपेन्सिलीने काढल्यासारखा, आणि थोडे खवले, नखाएवढे, अजून चमकणारे. मी ते धुऊन काठावर वाळत ठेवले. आक्काने ते उन्हाकडे सरकवले. एरवी तिने त्यावर चार शब्द ऐकवले असते.

तेवढ्यात गल्लीत ट्रॅक्टरचा आवाज आला. मुरूम एक दिवस आधीच आला होता. ट्रॅक्टरवाला धडगावकडचा तरुण माणूस, घरी पावरी बोली बोलणारा, आमच्याशी मात्र शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत होता. त्याने मागचं फाटक उघडून पाहिलं, हौदात चिखलाने माखलेला मी पाहिला, आणि हसू दाबलं.

"सर, तुम्ही बाहेर या. मी भरून टाकतो. पुढे अजून दोन फेऱ्या आहेत मला."

"तो कोपरा राहिला आहे," मी म्हणालो.

"त्याच्यात काय असणार?"

"काही नसेल. तेवढं पाहू दे."

तो ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा राहिला. मी कोपऱ्यापाशी गेलो. तिथला गाळ सगळ्यात जाड होता आणि वरून सुकत आलेला, भेगा पडायला लागलेला. मी फावडं लावणार तेवढ्यात एक भेग हलली. आधी वाटलं माझ्या पायाने हलली. मी पाय स्थिर ठेवला. ती पुन्हा हलली, आणि भेगेतून एक काळं, गुळगुळीत, मिशा असलेलं तोंड बाहेर आलं. ते उघडलं, मिटलं आणि परत चिखलात गेलं.

"साप!" आक्का किंचाळली. "भाऊ, साप शे! बाहेर निंघ!"

ट्रॅक्टरवाला एका उडीत आत उतरला. "साप नाही आक्का, मागूर आहे." त्याने हाताने चिखल बाजूला केला. तिथे ते होते, एकमेकांना लागून, वीतभर लांबीचे, काळे, खवले नसलेले, चिखलात चिखल होऊन पडलेले. एक मी ओंजळीत उचलायला गेलो आणि हाताला काट्यासारखं काही रुतलं. "कल्ल्याजवळ काटा असतो, सांभाळा," तो म्हणाला आणि लगेच पुढे, डोळे मिचकावून, "सर, मला देऊन टाका ना. तुम्ही तर खात नाही. संध्याकाळचं कालवण होईल मस्त."

"खबरदार," आक्का वरून म्हणाली.

"मी विचारलं फक्त!"

मागुराबद्दल मी वाचलं होतं. हा मासा हवेतला श्वास घेतो, पाणी आटलं की चिखलात दबून राहतो, आणि पावसात ओलसर जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो. पुस्तकात हे एका परिच्छेदात होतं आणि मी पान उलटलं होतं. आता तो माझ्या हातात होता. आमच्या घरामागे पावसाळी नाला आहे. मधे कुंपण, लिंबाचं आळं, फरसबंदी आणि मग हौदाचा काठ. एखाद्या पावसाच्या रात्री हे तिथून पोटावर चालत आले असणार, आणि आम्ही आत झोपलेलो असणार. ती असताना आले की नंतर, हे मला कधीच कळणार नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात मी हौदाकडे रोज पाहिलं आणि मला फक्त वरचा केशरी भाग दिसला.

"हाई तिन्हा मासा नही शेत," आक्का हळूच म्हणाली.

ते खरं होतं. मी मुलाला शब्द दिला होता आणि तिचा एकही मासा उरला नव्हता. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे पाहत होता, त्याला जायचं होतं. हे मागूर पिशवीत घालून त्याला दिले असते किंवा नाल्याच्या डबक्यात सोडले असते तर कुणी काही म्हटलं नसतं.

मी म्हणालो, "आक्का, गेलं अर्धं वर्ष हे काय खात होते?"

ती काठावर बसली, दोन्ही पाय आत सोडून, जे ती कधी करत नाही. तिचे डोळे त्या काळ्या ढिगाऱ्यावर होते, जो हळूहळू श्वास घेत होता. ती म्हणाली, "दहावाले प्रकाशाले कितलं बसनूत आपन. कावया उनाच नही."

हे आम्ही आजवर एकमेकांशी बोललो नव्हतो. दहाव्या दिवशी प्रकाशा तीर्थाला तापीच्या काठावर पिंड ठेवून आम्ही ऊन चढेपर्यंत बसलो होतो. कावळे झाडावर होते, खाली आले नाहीत. मुलाने एकेक वचन दिलं, मी दिलं, आक्काने दिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि आम्ही उठलो. त्या दिवसापासून आक्काच्या मनात काहीतरी टोचत राहिलं होतं. ते माझ्याही मनात होतं, मी ते पुस्तकांखाली दाबलं होतं.

"तो घास यास्नी खादा व्हई," आक्का म्हणाली.

ट्रॅक्टरवाल्याला यातलं काही कळलं नसावं. त्याने माशांवर ओला चिखल ओढला आणि म्हणाला, "असे उन्हात ठेवू नका. भांडं द्या काहीतरी."

बादल्या सगळ्या गाळाच्या होत्या. घरात एकच मोठं भांडं स्वच्छ होतं, आखाजीच्या पुरणासाठी आदल्याच दिवशी चिंच लावून घासलेलं पितळी पातेलं. मी आक्काकडे पाहिलं.

"पुरननं पातेलं मांगू नको मन्हाकडे," ती म्हणाली. मग उठली, आत गेली आणि तेच घेऊन आली. "धर. लवकर टाक त्यास्ले. नि मन्हाकडे दखू नको."

मुरूम फाटकाबाहेर गल्लीत पडला, जिथे पावसाळ्यात पाणी साचतं. ट्रॅक्टरवाला जाताना म्हणाला, "तळाचा चिखल सगळा काढू नका सर, त्यांना लागतो." आम्ही थोडा कोपऱ्यातला चिखल परत पसरला, त्यावर बारीक धारेने पाणी सोडलं, आणि संध्याकाळी पातेलं तिरपं केलं. ते एकामागून एक गेले. आवाज न करता, जणू त्यांना रस्ता माहीत होता.

मुलाला मी फोनवर सांगितलं की हौद बुजवला नाही. केशरी मासे गेले, पण आत मागूर आहेत, डासांच्या अळ्या खातात, आणि काठाला जाळी बसवून घेऊ म्हणजे पाय घसरणार नाही. तो म्हणाला, "मागूर? आपल्याकडे?" मी म्हणालो, ये आणि बघ.

मग आम्ही दोघं काठावर बसलो. पाणी मातकट होतं, तळ दिसत नव्हता. काही वेळाने मध्यभागी एक वर्तुळ उठलं, काळं तोंड क्षणभर वर आलं, हवेचा एक घोट घेऊन गेलं. मग दुसरीकडे. मग बराच वेळ काही नाही.

"कितला व्हतीन खाले?" आक्काने विचारलं.

मी त्यांना पातेल्यात टाकताना मोजलं नव्हतं. आणखीही काही चिखलात राहून गेले असतील. "माहीत नाही," मी म्हणालो.

ती पाण्याकडे पाहत होती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि आम्ही पुढचं वर्तुळ उठायची वाट पाहत बसलो.